अर्धा मिलिमीटर

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी बँकेत गेले. सही जुळत नाही म्हणाले, तीन वेळा करून घेतली. येताना दूध आणलं आणि खिडकीच्या कडीसाठी तेल. दुपारी मागची खोली उघडली. हे गेले त्याला अकरा आठवडे झाले. तेवढ्या दिवसांत मी तिथे एकदाच गेले होते, सामान काढायला. कडी गंजली होती, पकडीने ओढावी लागली. झाडून घेतलं. दोन सुपं भुसा निघाला. संध्याकाळी लेकीचा फोन आला. जेवलीस का विचारलं. जेवले म्हणून सांगितलं.

पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायच्या विभागात मी एकतीस वर्षं होते. तिथे दिवसाचं काम रोज वहीत लिहावं लागे. निवृत्त झाल्यावर ती सवय सुटली. आजपासून पुन्हा लिहायचं ठरवलं आहे. जे झालं तेवढंच लिहीन.

खोलीत ह्यांनी बनवायला घेतलेली सातवी गिटार आहे. चादरीत गुंडाळून भिंतीला उभी. पेटी पूर्ण आहे, मान बसवलेली आहे, मानेवर काळ्या लाकडाची पट्टी चिकटवलेली आहे. बोटं दाबतात ती पट्टी. ती अजून सपाट आहे. काम तिथे थांबलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तारवाल्याकडे गेले. ह्यांचा जुना मित्र, हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. जिन्याखाली त्याचं वाद्यं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे माणूस एकच मावतो आणि दुसऱ्याने पायरीवर बसायचं. मी पायरीवर बसले. सातवी पुरी करता येईल का विचारलं.

तो म्हणाला, "वहिनी, पडदे मी ठोकतो, तारा मी चढवतो. पण पट्टी घासायचं काम मला सांगू नका. माझे डोळे आता अंदाजपंचे चालतात. तो घासायचा त्याच्या ठोकळ्याने. तो ठोकळा आणि पट्टी घेऊन बसा, दोन दिवसांचं काम आहे."

पडदे म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या तारा. त्या बसवण्याआधी पट्टीला किंचित गोलाई द्यावी लागते. रस्ता कसा मध्ये थोडा उंच आणि कडेला उतरता ठेवतात, तशी. त्यासाठी लाकडाचा एक ठोकळा लागतो. त्याची खालची बाजू तेवढीच खोलगट केलेली असते. तिला पॉलिश कागद चिकटवायचा आणि पट्टीवर लांबीच्या दिशेने घासत राहायचं.

हे त्याने सांगितलं तेव्हा मला समजलं की तो ठोकळा मी टाकला आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी मी आणि नणंदेने लाकडाच्या तुकड्यांची दोन खोकी भंगारवाल्याला दिली. तो ठोकळा माझ्या हातात आला होता. एका बाजूने आत गेलेला होता. मला वाटलं, वाकला म्हणून ह्यांनी बाजूला टाकला असेल. मी स्वतःच्या हाताने खोक्यात टाकला.

तारवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? पोस्टाने मागवा. तयार मिळतो." मी म्हटलं, "बघते." पण मागवायचा नाही हे मी तिथेच ठरवलं होतं.

पंधरा मार्चला तो दुकान बंद करून मुलाकडे राहायला जाणार आहे. एक तारखेच्या आत पट्टी घासून आणली तरच पडदे बसवून देईन म्हणाला. दुसरा कोणी इथे हे काम करत नाही.

निघताना त्याने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. "हेच ना ते बोट?" म्हणाला. नकाशांच्या कपाटाचा लोखंडी खण बावीस वर्षांपूर्वी त्या बोटावर बंद झाला होता. तेव्हापासून ते पहिलं बोट पूर्ण सरळ होत नाही. "तो बोलला होता," एवढंच म्हणाला.

रविवार, ९ फेब्रुवारी

ह्यांची वही सापडली. एकेका गिटारीला एक पान. बाकी सहाही पानांवर तारांची लांबी ६४८ मिलिमीटर आणि वळण १२ इंच. म्हणजे बारा इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. सातवीच्या पानावरही हेच दोन आकडे आहेत. मात्र ६४८ खोडून ६१० लिहिलं आहे. मानेची रुंदीही खोडून कमी केली आहे. वळणाचा आकडा खोडलेला नाही.

मोजून पाहिलं. ६१० बरोबर आहे. लहान का केली कळत नाही. लेकीला प्रवासात न्यायला सोपी पडावी म्हणून असेल. पाचवी तिची आहे, ती मोठी आहे, बसमध्ये अडचण होते असं ती म्हणायची.

पट्टीच्या टोकाला, आडव्या छेदावर, ह्यांनी पेन्सिलीने वळणाची रेघ काढली आहे. ती मला बारापेक्षा जास्त गोल वाटते. हाताने काढली असावी. आमच्या विभागात नियम होता की नकाशात काढलेलं आणि आकड्यात लिहिलेलं जुळत नसेल तर लिहिलेलं खरं धरायचं. कागद आकसतो, हात हलतो, आकडा हलत नाही. शिवाय बाकीचे आकडे बदलले आणि हा नाही, म्हणजे तो विचार करूनच ठेवला आहे. बारा धरते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

माळ्यावरून माझी कंपासपेटी काढली. बारा इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर. कंपास तेवढा उघडत नाही, म्हणून मोजपट्टीला एका टोकाला टाचणी आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल लावून वळण काढलं. पातळ प्लायवर चिकटवलं, करवतीने बाहेरून कापलं आणि कानशीने रेघेपर्यंत आणलं. एकसारखे दोन तुकडे केले.  

ठोकळा साठ मिलिमीटर रुंद. बाराच्या वळणाने तो मध्ये दीड मिलिमीटर खोल व्हायला हवा. बस्स, तेवढंच.

नणंद आली होती. तिला दाखवलं.

"एवढ्याशासाठी?" ती म्हणाली. "वहिनी, दीड मिलिमीटर मळ तर माझ्या चष्म्यावर असतो."

"दिसतो आहे."

"बघ, बोलायला लागलीस." मग म्हणाली, "दादा असता तर म्हणाला असता, भुशाच्या नावाने तीस वर्षं मला बोललीस आणि आता स्वतःच भुशात बसलीस."

म्हणाले असते. मी त्यांना खोलीच्या दारात कपडे झटकल्याशिवाय आत येऊ देत नसे. आज मी तशीच आत आले आणि स्वयंपाकघरात पावलं उमटली. पुसली नाहीत. उद्या पुसेन.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लाकूड नुसतं कोरून खोलगट करणं मला जमणार नाही. त्यापेक्षा उलटं करायचं. आधी फुगीर साचा करायचा, त्यावर पॉलिश कागद लावायचा आणि ठोकळा त्यावर घासायचा. साच्याचा फुगवटा ठोकळ्यात खोलगट होऊन उतरेल. साच्यासाठी प्लायचे दोन तुकडे दोन टोकांना उभे करायचे, मधे काहीतरी मऊ भरायचं आणि दोन्ही टोकांवर लोखंडी पट्टी टेकवून ओढत न्यायची. गवंडी गिलावा सारखा करतो तसं.

मधे काय भरायचं ते विचारायला कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. तिथला मिस्त्री गाडीखालीच होता. त्याचे पायच बोलले.

"पुट्टी हवी? मावशी, गाडी कुठे ठोकली?"

"गाडी नाही. गिटारसाठी हवी."

पाय थोडा वेळ हलले नाहीत. मग तो बाहेर आला. "गिटार कुठे ठोकलीत?"

अकरा आठवड्यांनी, नाही, आता तेरा, मला रस्त्यात हसू आलं.

त्याने डबा दिला आणि घट्ट करायची नळी दिली. लिंबाएवढ्या पुट्टीला वाटाण्याएवढं घाला, जास्त नको, असं दोनदा सांगितलं. घरी आल्यावर मला वाटलं नीट घट्ट व्हावी, म्हणून दोन वाटाणे घातले. साच्यापर्यंत न्यायच्या आत ती वाटीतच दगड झाली. चमचा आत उभा आहे. वाटी आता कायमची भरलेली.

पुट्टी मळताना एक आठवलं. ऑक्टोबरात मी भाजी निवडत होते. हे हातात मऊ मेणाचा गोळा घेऊन आले आणि म्हणाले, "बोट ठेव यावर. हे पहिलं. दाबू नको, जसं आहे तसं ठेव." मी म्हटलं, "हात ओले आहेत, आता काय हे पोरखेळ." त्यांनी माझा हात पुसला आणि बोट ठेवून घेतलं. मग गोळा घेऊन गेले. कशाला, ते मी विचारलं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पुट्टी एक वाटाणा घालून जमली. साचा छान झाला. प्लाय कापताना उरलेला खोलगट तुकडा वरून लावून पाहिला, कुठेही उजेड दिसत नाही.

ठोकळ्यासाठी फळीचा जुना जाड तुकडा घेतला. साच्यावर पॉलिश कागद लावून ठोकळा घासायला सुरुवात केली. चारशे वेळा. पाहते तर कडा खाल्ल्या गेल्या आहेत आणि मध्ये काहीच नाही. हात नकळत डोलतो, पाळणा हलवल्यासारखा. तो तुकडा गेला.

एक गोष्ट मात्र बरी झाली. साच्यावर कागद लावला की त्याच्या जाडीने वळण किंचित मोठं होतं. पण नंतर ठोकळ्याच्या आत कागद लागणार, त्याने ते तेवढंच लहान होणार. एकदा मिळवलं, एकदा वजा झालं. हे कोणाला सांगावं असं वाटलं. सांगायला कोणी नव्हतं म्हणून इथे लिहिलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लेकीशी बोलले. आठ मार्चला दोन दिवसांसाठी येते आहे. तिला गिटारीबद्दल सांगायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"कुठली? सातवी? ती कोणासाठी होती?"

"तुझ्यासाठीच असणार."

"मला तर बाबांनी काही विचारलंच नाही. पाचवीच्या वेळी तर महिनाभर माझ्या हाताची मापं घेत होते, परीक्षा बुडायची वेळ आली होती."

"अचानक द्यायची असेल."

"बाबा आणि अचानक?" ती म्हणाली. "आई, त्यांना वाढदिवसाचा केक लपवता आला नव्हता कधी."

मी म्हटलं, माणूस बदलतो. तिने विषय सोडून दिला. मग विचारलं, "तू का नाही शिकलीस गं पुढे?" मी सांगितलं की तीन महिने शिकत होते, मग बोट मोडलं. सगळ्या तारांवर एक बोट आडवं दाबायचे सूर माझ्या बोटाखाली वाजत नसत, मधल्या तारा नुसत्या थाड थाड करायच्या. मग सोडलं. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. घर होतं, ऑफिस होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साच्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या लावल्या. आता ठोकळा डोलूच शकत नाही, फक्त पुढेमागे जातो. नवा तुकडा घेतला. सकाळी नऊला बसले, एकला उठले. मधे एकदा चहा.

दीड मिलिमीटर. वळण लावून खिडकीसमोर धरलं. उजेड नाही.

ठोकळा धुळीसकट टेबलावर ठेवला आणि जेवले. आज गरम करून जेवले, ताटात.

रविवार, २३ फेब्रुवारी

पट्टी घासली.

आधी पट्टीवर पांढऱ्या खडूने लांबीला सात रेघा ओढल्या. घासताना आधी कडेच्या रेघा जातात, मधली शेवटी. मधली गेली की झालं. काळी धूळ खूप. नाकाला फडकं बांधलं. पहिल्या वीस वेळा श्वास धरून केलं. मग हाताला सवय झाली. मोठ्या दाण्याच्या कागदापासून बारीक दाण्याच्या कागदापर्यंत चार कागद बदलले.

मधली रेघ साडेचारला गेली. हात फिरवला. खूप चांगलं वाटलं. लाकडाला किंचित पाठ आल्यासारखी.

फक्त एक. टोकाच्या छेदावरची त्यांची पेन्सिलीची रेघ अजून दिसते. मध्ये ती माझ्या घासलेल्या भागाला टेकते, पण कडेला त्याच्याखाली जाते. साधारण अर्धा मिलिमीटर. नकाशात अर्धा मिलिमीटर चुकला तर जमिनीवर पाइप शेजाऱ्याच्या अंगणातून जातो. मी बराच वेळ पाहत होते. ह्यांचं काम नकाशे काढायचं नव्हतं, पण पेन्सिल फार टोकदार करायचे.

वही पुन्हा पाहिली. बारा. खोडलेलं नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

गिटार चादरीत गुंडाळून तारवाल्याकडे नेली. एक दिवस आधीच. रस्त्यात दोघांनी विचारलं, बाळ कुणाचं. ती तेवढीच दिसते.

तारवाल्याने पट्टीवर अंगठा फिरवला. एकदा वर, एकदा खाली. डोळे मिटून. "वहिनी, हे तुम्ही केलं?" म्हणाला. मी हो म्हटलं. "ठोकळा दाखवा." दाखवला. तो त्याने उलटासुलटा केला, आत अंगठा घातला आणि ठोकळ्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "वा."

मग म्हणाला, "थांबा, सातवीचं एक पाकीट आहे माझ्याकडे. ऑक्टोबरात ठेवून गेला होता. गिटार येईल तेव्हा उघड म्हणाला होता."

पाकिटात हाडाची एक छोटी पट्टी होती. मानेच्या टोकाला जिच्यावरून तारा जातात ती. तिची खालची बाजूही गोल घासलेली असते, पट्टीवर नीट बसावी म्हणून. त्याने ती माझ्या पट्टीवर ठेवली. मध्ये उजेड दिसला. दोन्ही टोकांना टेकलेली, मध्ये फट.

त्याने पाकीट माझ्याकडे दिलं. वर ह्यांच्या अक्षरात होतं: "सातवी. वळण बारा नाही, नऊ. बारावर हिचं बोट बसत नाही."

मी म्हटलं, "वहीत बारा आहे."

"वहीत राहिलं असेल. तो आकडे आधी उतरवून ठेवायचा, मग एकेक बदलायचा. हे शेवटचं बदललं असणार."

"लेकीची बोटं तर सरळ आहेत," मी म्हटलं.

"हो," तारवाला म्हणाला. "चांगली लांब आणि सरळ आहेत. मी पाहिली आहेत." आणि तो खाली बघून हाडाची पट्टी पुसत बसला. ती आधीच स्वच्छ होती.

नंतर म्हणाला, "घाबरू नका. बारा सपाट, नऊ गोल. सपाटाकडून गोलाकडे जाता येतं, फक्त कडा अजून घासायच्या. तुम्ही नऊ करून बाराकडे यायला निघाला असतात तर रडायची वेळ होती. पाच तारखेपर्यंत थांबतो मी. आणि एक सांगू का? त्याचा जुना ठोकळा आज असता तरी उपयोग नव्हता. तो बाराचा होता. त्याला नवा करावाच लागला असता."

परत येताना हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. त्याला नवा करावाच लागला असता. गेले तीन आठवडे मी रोज उठून भंगारवाल्याच्या गाडीचाच विचार करत होते.

पाकीट घरी आणलं.

शनिवार, १ मार्च

नऊ इंच म्हणजे २२९ मिलिमीटर. ठोकळ्याची खोली आता दोन मिलिमीटर. दोन नवे तुकडे कापले. पुट्टी एक वाटाणा. आता सगळं येतं, हात पुढे चालतो आणि मी मागून.

खिळ्यांचा डबा शोधताना खिडकीवरच्या फळीवर एक पत्र्याची डबी मिळाली. आत मेणाचा गोळा. बोटाचा ठसा होता, थोडी धूळ बसलेली. पुसली.

बोट ठेवलं. बसलं.

मग बोट काढून, प्लायमधून नऊचं वळण कापताना उरलेला खोलगट तुकडा त्या ठशावर ठेवला, खिडकीसमोर धरला. उजेड दिसला नाही.

आज पुढे काम केलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

काल ठोकळा पुरा झाला, आज पट्टी. पुन्हा सात रेघा, पुन्हा काळी धूळ. या वेळी कडेच्या रेघा सगळ्यात आधी गेल्या, पण मधलीला फारसा हात लावावा लागला नाही.

शेवटी त्यांच्या पेन्सिलीच्या रेघेपर्यंत आले. आमच्याकडे नवीन मुलांना शिकवायचे, रेघेपर्यंत कापायचं पण रेघ सोडायची नाही आणि खायचीही नाही. अर्धी राहिली पाहिजे. अर्धी राहिली आहे.

बुधवार, ५ मार्च

तारवाल्याकडे दिली. हाडाची पट्टी बसली. त्याने तिच्याखाली कागद घालून पाहिला, कागद आत गेला नाही. "झालं," म्हणाला. मग, "मला एक ठोकळा द्याल का, आठवण म्हणून? मुलाकडे बाकावर ठेवीन." बाराचा द्यायला लागले. तो म्हणाला, "नाही, नाही, तो पहिला जमलेला आहे. तो घरीच राहू दे. तो कडा खाल्लेला द्या, फसलेला." तो मी ठेवला होता हे त्याला कसं कळलं कोण जाणे. उद्या नेऊन देईन.

शनिवार, ८ मार्च

लेक सकाळच्या बसने आली. नणंद तिला घेऊन आली आणि अर्थातच थांबली. दुपारी तिघी तारवाल्याकडे गेलो, गिटार घेऊन आलो.

लेकीने मांडीवर घेतली. दोन-तीन सूर वाजवले आणि हसायला लागली. "माझी बोटं एकमेकांवर चढतायत. ही मान किती बारीक केली आहे! आई, मी यात मावत नाही."

मी म्हटलं, "सवय होईल."

"मला कशाला सवय करायला लावतेस? ही तुझी आहे."

 नणंद पटकन म्हणाली, "झालं! आता वहिनी चौकात उभी राहून गाणार, मी पुढे टोपी फिरवायची." पण ती डोळे पुसत होती आणि चष्म्यावरचा मळ पसरत होता.

लेकीने उठून गिटार माझ्या मांडीवर ठेवली. पेटी पोटाला गार लागली. माझं पहिलं बोट सहाही तारांवर आडवं ठेवलं तिने, तिच्या हाताने. "दाब." दाबलं. दुसऱ्या हाताने तिने तारांवरून अंगठा फिरवला.

पाच तारा वाजल्या. सहावी नाही.

"नख लागतंय," ती म्हणाली. "आई, डाव्या हाताची नखं कापावी लागतात, उजव्याची तारा छेडायला ठेवायची. बाबांनी तुला हे पण सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. बावीस वर्षांपूर्वी.

रविवार, ९ मार्च

लेकीला चारच्या बसला बसवून आले. जाताना म्हणाली, पुढच्या वेळी येईन तेव्हा एक सूर ऐकव, एकच. बघते म्हटलं.

घरी येऊन मागची खोली झाडली. एक सूप भुसा, पूर्ण भरलेलं नाही. बाराचा ठोकळा फडक्यात गुंडाळला, वर चिठ्ठी लावली, फळीवर ठेवला. नऊचा त्याच्या शेजारी. वहीत सातव्या पानावरचं बारा खोडलं आणि पुढे नऊ लिहिलं. तारीख घातली.

खिडकी उघडीच ठेवली. मग तिच्यापाशी बसून डाव्या हाताची नखं कापली. उजव्या हाताची तशीच राहू दिली.